जिनिव्हाचा निकाल सोनईत वाचा

गव्हाणीत मोळी पडली की सोनईत एकच प्रश्न असतो : पहिली उचल किती? ज्या एफआरपीवर, म्हणजे सरकारने बांधून दिलेल्या उसाच्या रास्त आणि किफायतशीर दरावर, ही उचल ठरते, तिच्यावर जिनिव्हात खटला चालला. आपल्या बांधापर्यंत त्याची खबर आली नाही.

ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी 2019 मध्ये जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार केली. 14 डिसेंबर 2021 ला तिथल्या पंचांचा निकाल लागला. 2014-15 ते 2018-19 या पाच हंगामांत भारताने उसाला उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांच्या मर्यादेहून जास्त आधार दिला, असा ठपका आला. भारताचे म्हणणे होते की एफआरपी सरकार देत नाही, कारखाना देतो. थकलेल्या बिलासाठी कारखान्याच्या दारात बसलेला कोणताही शेतकरी याची साक्ष देईल! पंचांनी ते मानले नाही. भाव सरकारने बांधून दिलाय ना, मग खरेदी कोणी का करेना, तो आधारच, असे त्यांचे म्हणणे. आणि हा आधार मोजायची नियमातली पट्टी कधीची? 1986 ते 1988 या सालांतल्या भावांची. तेव्हाचा भाव धरून आजच्या उसाला जास्त मिळते म्हणणे हा उघड अन्याय आहे. खताची गोणी काही त्या भावाने मिळत नाही.

भारताने अपील केले. पण अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे अपिलाचे पीठ डिसेंबर 2019 पासूनच ठप्प आहे. निकाल तसाच लटकलेला आहे.

यावर इंग्रजीत अभ्यास झाले, होताहेत. ज्याच्या उसावर हे सगळे चालले आहे, त्याच्या भाषेत काय आहे? पूर्वी असे नव्हते. आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात 1950 मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा त्याचे अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. एवढा मोठा अर्थशास्त्रज्ञ कारखाना उभारणाऱ्या विठ्ठलराव विखे पाटलांच्या आणि शेतकऱ्यांच्या शेजारी बसून हिशेब मांडत होता. आज व्यापाराचा आणि परराष्ट्र धोरणाचा अभ्यासक दिल्लीच्या सभागृहात बोलतो आणि ऊसवाला त्याचे नावही ऐकत नाही. ही फारकत मला मान्य नाही.

सोनईत साखर कारखाना आहे, महाविद्यालय आहे. प्राध्यापकांनो, या निकालातला एफआरपीचा भाग मराठीत आणा. आणि सभासदांनो, पुढच्या वार्षिक सभेत तो वाचून दाखवायला सांगा.