चार नाटकं, हजार पानं

कै. विल्यम प्रिन, वकील, लिंकन्स इन, लंडन यांस,

स. न. वि. वि.

पुरुषांच्या लांब बटा आणि एकमेकांच्या आरोग्याच्या नावाने दारूचे पेले उचलणं या दोन पापांचा समाचार आपण १६२८ सालीच घेतला होता. मग नाटकांकडे वळलात. १६३३ सालच्या आपल्या ‘हिस्ट्रिओमॅस्टिक्स’ची पानं हजाराच्या वर आहेत. नाटक म्हणजे सैतानाचा उद्योग, हे ठसवायला आपण बायबलपासून चर्चच्या धर्माचार्यांपर्यंत साऱ्यांच्या साक्षी काढल्यात. आणि त्याच ग्रंथात प्रांजळपणे सांगितलंत, की लंडनला आल्यावर चार नाटकं पाहिली होती. म्हणजे दर नाटकामागे अडीचशे पानं! आमच्याकडे समीक्षकाला दोन कॉलम मिळाले तर तो पेढे वाटतो.

पाचवं नाटक पाहायचं नाही, असं आपण ठरवलंत. ठीक. तिकीट न काढणं हा प्रेक्षकाचा सर्वांत जुना हक्क आहे आणि तो बजावायला एक संध्याकाळ घरी बसणं पुरतं. हजार पानं लागली ती आमच्यासाठी. आपला आत्मा सुरक्षित झाल्यावर आपण शेजाऱ्याच्या आत्म्याची किल्ली मागायला निघालात.

एक शंका आहे. नाटकांची एवढी चीड, तर ग्रंथाचे भाग ‘अंक’ आणि ‘प्रवेश’ असे का पाडलेत? त्या चारांतलं एखादं आवडलं होतं की काय?

स्त्रीपार्टाचंही कोडं सुटत नाही. मुलांनी बायकी कपडे घालून उभं राहावं, तर बायबलची आज्ञा मोडते. बायकांनी स्वतः उभं राहावं, तर आपल्या ग्रंथाच्या सूचीत त्यांची नोंद वेश्या म्हणून. मग ज्युलिएट करायची कोणी? (बालगंधर्वांचं नेसणं पाहून आमच्याकडच्या घरंदाज बायका नटू लागल्या होत्या. त्यांची रवानगी कोणत्या नरकात, तेही कळवा.)

सूचीतल्या त्या एका ओळीने आपला घात केला. त्याच सुमारास राणी हेन्रिएटा मारिया राजवाड्यातल्या नाटकात काम करत होत्या, आणि दरबाराने ती ओळ त्यांनाच चिकटवली. १६३४ साली स्टार चेंबर या न्यायालयाने आपल्याला पाच हजार पौंड दंड केला, जन्मठेप दिली, ऑक्सफर्डची पदवी काढून घेतली, भर चौकात खोड्यात अडकवून कान कापले आणि ग्रंथ जाळायला लावला. १६३७ साली आणखी एका लिखाणापायी कानांचे उरलेले तुकडेही गेले, गालांवर डागण्या आल्या. इथे उपरोध बाजूला ठेवतो. पुस्तक लिहिलं म्हणून माणसाचे कान कापणं हे रानटीपण आहे आणि तिथे मी आपल्या बाजूने आहे.

पण साहेब, त्या न्यायाधीशांचं म्हणणं काय होतं? हे असलं वाचून प्रजा बिघडते, म्हणून ते तिच्या हाती पडू नये. हा युक्तिवाद आपल्याला कुठेतरी भेटल्यासारखा वाटला नाही? आपण नाटकवाल्यांसाठी घडवलेलं हत्यार दरबाराकडे आधीपासूनच होतं, फक्त त्याला धार जास्त होती.

पुढे आपल्याच मताची माणसं वर आली. २ सप्टेंबर १६४२ रोजी पार्लमेंटने नाटकं बंद केली. १६४८ साली नटांना फटके आणि प्रेक्षकाला पाच शिलिंग दंड ठरला. ते कायदे आपण केले नाहीत, हे मान्य. तरी नट चोरून खेळ करतच राहिले. १६५६ साली डेव्हनंट नावाच्या गृहस्थाने रटलंड हाउसमध्ये ‘द सीज ऑफ ऱ्होड्स’ लावलं आणि सांगितलं, हे नाटक नव्हे, गाणं आहे! त्यात श्रीमती कोलमन गायल्या. नाटकबंदी चालू असताना बाई लंडनमध्ये खेळात उभी राहिली, ती अशी.

१६६० साली राजा दुसरा चार्ल्स परतला. त्याने नाटकगृहं उघडली, आणि आपल्याला टॉवर ऑफ लंडनमधल्या दप्तराचा रखवालदार नेमलं. आपण ती नोकरी घेतलीत, धूळ झटकत जुने कागद लावलेत. त्याच शहरात रोज खेळ होत होते, बायका कामं करत होत्या. आपल्याला कोणी ओढून तिकडे नेलं नाही, आणि आपणही कोणाचा खेळ थांबवू शकला नाहीत. कोणाचं काही अडलं का?

कळावे, लोभ असावा.

आपला,
पाचव्या नाटकाचा प्रेक्षक

ता. क. १६४९ साली कोणा वात्रटाने आपल्या नावावर नाटकांची तरफदारी करणारं चोपडं छापलं होतं आणि आपण तातडीने त्याचा इन्कार केलात. आपल्या तोंडी परक्याचे शब्द घातले म्हणून आपल्याला राग आला, तो रास्तच. नटांचा मात्र तोच पोटापाण्याचा धंदा होता.