मास्तरीणबाईंचा काळा मसाला

"काकू, कोपऱ्यावर परत शूटिंग होतं म्हणे?"

"हळू बोल गं, त्यांची खिडकी उघडी आहे. होतं ना! मास्तरीणबाईंच्या सुनेचा काळा मसाला आता मोबाइलवर झळकतोय. पण हे दुसरं शूटिंग. पहिल्याच्या वेळी तू माहेरी होतीस शेवगावला, तुझी मजा हुकली."

"सांगा की मग."

"लग्नाचं शूटिंग करणारा बोलावला होता. सून पैठणी नेसून, गजरा माळून गॅसपाशी उभी. वर ड्रोन घरघरतोय, त्यात माझ्या गच्चीवरच्या कुरडया आल्या. मागे सनई. मसाल्याची पुडी दिसली ती अगदी शेवटी, तीही डोळा मिटून उघडेपर्यंत गायब. पण लोकांनी बदाम पाठवले भरभरून, फोनही आले."

"मग उडाला असेल मसाला!"

"कुठला! फोन आले ते शूटिंगवाल्याचा नंबर मागायला."

"अगं बाई!"

"हसू नकोस, ऐकू जाईल. बिचारी दोन दिवस दिसली नाही. मग मास्तरीणबाईंची नात म्हणाली, आपल्या सारोळा कासारच्या आजींचं बघा ना जरा."

"'आपली आजी' चॅनलवाल्या? सुमन धामणे?"

"त्याच. आपल्याच नगर तालुक्यातल्या. 2020 साली नातवानं पावभाजी मागितली आणि तिथून सुरुवात झाली. आधी कॅमेऱ्यापुढे बुजायच्या. पुढे कारल्याची भाजी केली, ती लाखो लोकांनी पाहिली. कारल्याची, ऐक! पनीर नाही, केक नाही. घरात बोलतात तसं बोलायचं आणि हात चालू ठेवायचे, एवढंच भांडवल."

"त्यांचं चॅनल मध्ये हॅक झालं होतं ना?"

"त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. काही दिवसांनी परत मिळालं. म्हणून मास्तरीणबाईंच्या सुनेनं आधी खात्याला ओटीपीचं दुहेरी कुलूप लावलं, मगच मिरच्या भाजायला घेतल्या."

"आणि काकांचं काय मत? ते असतातच ना मध्ये."

"नसतील तर शपथ! पेपर खाली ठेवून म्हणाले, हे सगळं दादासाहेब फाळके करून बसलेत. 1912 साली त्यांना सिनेमासाठी पैसे उभे करायचे होते. सिनेमा म्हणजे काय हे सावकाराला कोण समजावणार? त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि तो रोज थोडा थोडा टिपला. पडद्यावर बी फुटून वेल वर चढलेला दिसला आणि पैशाची सोय झाली. पुढच्या वर्षी, 3 मे 1913ला, 'राजा हरिश्चंद्र' लागला गिरगावात. हे म्हणाले, फाळक्यांनी 'मी किती हुशार' असं एकदाही म्हटलं नाही, वाटाणा दाखवला. तुम्ही मिरची दाखवा."

"काकांनी पहिल्यांदाच कामाचं सांगितलं काहीतरी."

"मी तोंडावर नाही म्हटलं. तर या वेळी नातीनं एकाच दिवसात पाच लहान व्हिडिओ काढले. एकात धने, तीळ, खोबरं, दगडफूल भाजणं. दुसऱ्यात कांडपावर कुटणं. तिसऱ्यात त्याच मसाल्याचे हुलग्याचे शेंगोळे. मसाला नुसता बघून कोण घेतो? रस्सा उकळताना दिसला की तोंडाला पाणी सुटतं. चौथ्यात लोक नेहमी विचारतात ती उत्तरं, म्हणजे तिखट किती, टिकतो किती, पुण्याला पाठवता का. पाचव्यात पाकीट भरणं, वजन, तारीख आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर अगदी जवळून."

"कॅमेरा मोठा आणला असेल."

"छे! नातीचाच फोन. पदरानं काच पुसली, फोन उभा धरला, खिडकी समोर घेतली, पाठीमागे नाही, नाहीतर तोंड काळंठिक्कर येतं. बोलताना पंखा बंद, फ्रीजही तेवढ्यापुरता बंद. कॉलरला लावायचा छोटा माइक तेवढा विकत घेतला. खालून मराठीत ओळी टाकल्या, कारण बरेच लोक आवाज बंद करूनच बघतात. आणि सुरुवातीला नमस्कार-चमत्कार नाही. थेट खोबरं तडतडतंय. ओळख मागून."

"गाणं कुठलं घातलं?"

"मीही सुचवलं होतं एक झकास सिनेमातलं. नात म्हणाली, धंद्याच्या खात्यावर अशी गाणी चालत नाहीत, हक्काचं प्रकरण असतं. मग कांडपाचाच ठोका ठेवला. बरा वाटतो गं, पाय हलतो. आणि खाली नगर आणि अहिल्यानगर दोन्ही लिहिलंय. 2024मध्ये नाव बदललं तरी बाहेरगावचे लोक नगरचा मसाला म्हणूनच शोधतात."

"किंमत लिहिलीय? मला ते 'किंमत इनबॉक्समध्ये' वाचलं की रागच येतो."

"मलाही! भाजीवाली कधी म्हणते का, मेथीचा भाव कानात सांगते? हिनं पाव किलोचा भाव ठळक लिहिला, व्हॉट्सॲपचा नंबर दिला. सौदा तिथंच."

"मग आता कितपत चाललंय?"

"भाजण्याचा व्हिडिओ चालला सगळ्यात जास्त. पण मसाल्यामुळे नाही हं. झालं काय, सून कॅमेऱ्याकडे बघून गोड गोड बोलत होती आणि कढईतलं खोबरं लाल व्हायला लागलं. मास्तरीणबाई मागून ओरडल्या, 'अगं उतरव, करपलं की अख्खा घाणा कडू होईल, लोकांचे पैसे घेतेस!' नात म्हणाली, हे कापायचं नाही. बायका त्याच वाक्यावर भाळल्या. खाली लिहितात, 'सासूबाई लक्ष ठेवून आहेत, आम्हाला दोन किलो पाठवा.'"

"खरंच की! शंभर वेळा 'शुद्ध, घरगुती' म्हणण्यापेक्षा हे एक ओरडणं भारी."

"हेच तर! शुद्ध तर सगळेच म्हणतात. घाणा बिघडेल म्हणून जीव कुणाचा वरखाली होतो, ते दिसलं पाहिजे."

"पण आता मास्तरीणबाई जमिनीवर राहिल्यात का?"

"काल केस रंगवून आणले. सुनेला म्हणतात, पुढच्या खेपेला तू फोन धर, बोलते मी. शिवाय ओरडायचे वेगळे पैसे मागितलेत म्हणे."

"आणि सून?"

"हिशोबाची पक्की आहे. म्हणाली, देते की, पण आधी खोबरं करपू द्यायला हवं, त्याचे कापून घेईन."