आपलेकाका काशीत

आपलेकाकांचं खरं आडनाव वेगळंच आहे. पण अस्सी घाटावरून होडी सुटली आणि दशाश्वमेध यायच्या आत त्यांनी ‘हे आपलं’ इतक्या वेळा ऐकवलं, की होडीतल्या मंडळींनी एकमताने त्यांचं बारसं उरकून टाकलं.

सार्वजनिक बांधकाम खात्याच्या हिशेब विभागात हयात घालवलेला माणूस. इमारत दिसली की लोक मान वर करून कळस बघतात. काका बिल बघतात. पैसे कोणी दिले? काशीत या प्रश्नाचं उत्तर वारंवार मराठी निघतं, ही खरी पंचाईत. नुसते थापाडे असते तर सोडून देता आलं असतं. इथे माणूस बरोबर असतो आणि तरीही असह्य होतो.

विश्वनाथाचं आजचं देऊळ अहिल्याबाई होळकरांचं, 1780 सालचं. दर्शनाच्या रांगेत कोणीतरी शिखराच्या सोन्याकडे बोट दाखवून ‘महाराजा रणजितसिंह’ एवढंच म्हणालं. काका गर्रकन वळले. “सोनं त्यांचं, मान्य. पण चढवायला देऊळ कोणाचं होतं?” ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडप बायजाबाई शिंद्यांनी 1828 मध्ये बांधवला, हेही त्यांनी धक्के खात खात जमेला धरलं. मागून काकू म्हणाल्या, “अहो, चपला कुठे ठेवल्यात ते आठवतंय का?” ते मात्र आठवत नव्हतं.

होडीत त्यांच्या मांडीवर रबरबँड लावलेली वही होती. अहिल्याबाई घाट आला, रबर निघालं. दशाश्वमेध आला, “नानासाहेब पेशव्यांनी बांधून काढला,” नोंद झाली. परक्याचा घाट आला की वही मिटायची आणि चिवड्याची पिशवी उघडायची. केदार घाटाचे ते तांबडे-पांढरे पट्टे, वरचं दाक्षिणात्य वळणाचं देऊळ, सगळं चिवड्यात गेलं. मानमंदिराच्या गच्चीवर सवाई जयसिंगाची वेधशाळा आहे. उतरून पाहू या, असं सगळ्यांचं ठरलं. काका जागचे हलले नाहीत. “जयसिंग म्हणजे त्या मिर्झाराजांचाच वंशज ना? आधी म्हणावं पुरंदरच्या तहातले 23 किल्ले परत करा.” मग आम्ही सूर्याची सावली बघून येईपर्यंत ते होडीत बसून समोरच्या रिकाम्या वाळवंटाकडे बघत राहिले. त्या काठावर कोणीच काही बांधलेलं नसल्यामुळे त्यांना तिथे बघताना त्रास होत नसावा.

होडीत एक बंगाली गृहस्थ होते. बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी शांतपणे घसा साफ करून दुर्गाकुंडाचं देऊळ नाटोरच्या राणी भवानीने बांधल्याचं सांगितलं. काकांनी होळकर काढले. बंगाल्याने पुन्हा राणी भवानी काढली. काकांनी मग ठेवणीतलं अस्त्र सोडलं: आजची काशी बव्हंशी मराठ्यांनी घडवली, असं काशीच्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. “कौन इतिहासकार?” “अळतेकर.” बंगाली गृहस्थांनी ते आडनाव तोंडातल्या तोंडात दोनदा घोळवलं आणि इतकंच म्हणाले, “ओ भी आपका?”

हा वार काकांनी मणिकर्णिकेपर्यंत मनात ठेवला. चिता जळत होत्या, धूर अंगावर येत होता, सगळे गप्प झाले होते, आणि त्या शांततेत काका वहीत काहीतरी खोडत होते. पुढे चिखलात रुतून एका अंगाला कललेलं रत्नेश्वराचं देऊळ, आणि त्याला लागून शिंदे घाट. हा घाट स्वतःच्याच वजनाने खचला होता, असं नावाडी म्हणाला. बंगाल्याच्या ओठांवर हसू फुटायच्या आत काका ओरडले, “बघा! कामच एवढं भारी, की गंगेच्या काठाला पेललं नाही!” मग नावाड्याकडे वळून त्यांनी छातीवर हात ठेवला. “भैया, ये सब हमने बांध्या है.”

नावाड्याने वल्हं थांबवलं. “आपने? तब तो बडा अच्छा हुआ बाबूजी. ऊपर चार सीढियाँ टूटी पडी हैं, मरम्मत भी करवा दीजिए.”

काकू इतक्या हसल्या की होडी डुलली.

भोसले घाटाला वहीचं रबर निघालं, पण आवाज निघाला नाही. पंचगंगेला उतरताना मात्र काका पूर्ववत झाले, कारण पैसे द्यायची वेळ आली होती. ठरल्यापेक्षा पन्नास रुपये जास्त मागतोय म्हणून ते पायरीवर उभे राहून भांडू लागले. तासांचा हिशेब झाला, माणसांचा झाला, येताना वल्ही मारावी लागली की प्रवाहाने आणलं, याचाही झाला. शेवटी नावाड्याने हात जोडले. “जाने दीजिए बाबूजी, आपकी रानी ने इतना दिया, आप पचास में अटके हैं.”

बंगाली गृहस्थांनी मान दुसरीकडे वळवली. काका क्षणभर नावाड्याकडे, क्षणभर पायऱ्यांकडे पाहत राहिले. मग त्यांनी पाकिटातून नोट काढली, दोन बोटांत घट्ट धरली आणि विचारलं, “पावती मिलेगा?”