नाव आजोबांचे

मार्च १७९५ मध्ये मराठ्यांनी निजामाला खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडले आणि दौलताबादसकट मुलूख लिहून घेतला. ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, गादीचा घोळ सुरू झाला. आधी चिमाजीअप्पा, मग दुसरे बाजीराव. तहातले पदरात फारसे पडलेच नाही.

संगणकावरच्या टपालाचीही हीच बखर. १९९७ मध्ये आउटलुक एक्सप्रेस गादीवर बसले. व्हिस्टाबरोबर विंडोज मेल आले, पाठोपाठ विंडोज लाइव्ह मेल. २०१७ मध्ये त्याचाही आधार काढला. मग नुसतेच ‘मेल’ उरले, तेही २०२४ अखेर संपले. आता गादीवर ‘नवे आउटलुक’. दुसऱ्या बाजीरावांनाही आजोबांचेच नाव होते. पुढचे १८१८ साली दिसले.

दर राज्यारोहणाला रयतेसाठी दवंडी एकच : जुनी पत्रे ज्याची त्याने सांभाळावीत. पेशव्यांचे मोडी दफ्तर पुण्यात आजही शाबूत आहे, वाचणारेही भेटतात. आउटलुक एक्सप्रेसची डीबीएक्स फाइल उघडून देणारा कारकून कुठे आढळला, तर कृपया कळवावे. शक्यतो पोस्टकार्डावर.