विगाखालचं डोकं

"अहो जोशीवहिनी, आमच्या नातवाला तिकडं नॅशव्हिलला दर महिन्याला पोस्टानं गोष्टीचं पुस्तक येतं. फुकट! पाठवते कोण, तर एक गाणारी बाई. डॉली पार्टन."

"ती भल्यामोठ्या सोनेरी केसांची? विग आहे म्हणे तो."

"आहेच, तीच सांगते की! पण विगाखालचं डोकं बघा. टेनेसीच्या डोंगरातलं घर, बारा भावंडं. १९४६ साली ही जन्मली, तेव्हा बापानं डॉक्टरला फी म्हणून मक्याच्या पिठाचं पोतं दिलं. बापाला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून १९९५ पासून ही पुस्तकं."

"आणि गिटार? एवढाली नखं घेऊन?"

"गिटार, बँजो, ऑटोहार्प, सगळं! 'नाइन टू फाइव्ह' बांधताना तर नखांवर नखं घासून टाइपरायटरची टकटक काढली. पण खरी गंमत पुढंच. पोर्टर वॅगनरच्या टीव्ही शोमधून बाहेर पडताना हिनं निरोपाचं गाणं लिहिलं, 'आय विल ऑल्वेज लव्ह यू'. ते एल्विस प्रेस्ली गाणार, सगळं ठरलेलं. ऐनवेळी त्याचा मॅनेजर म्हणतो, गाण्याच्या हक्कातला अर्धा वाटा आमचा."

"दिला?"

"छे हो! रात्रभर रडली, पण दिला नाही. पुढं १९९२ला व्हिटनी ह्यूस्टननं सिनेमात तेच गायलं, नि हिच्या घरी लक्ष्मी पाणी भरायला लागली. आपल्या लताबाई नाही का, रॉयल्टीपायी रफीसाहेबांशी बोलेनाशा झाल्या? त्यातलीच ही."

"बरं, नवरा?"

"कार्ल डीन. १९६४ला नॅशव्हिलला आली, त्याच दिवशी लाँड्रीबाहेर गाठ पडली. डांबरी रस्त्यांचा धंदा त्याचा, बायकोच्या झगमगाटाकडं सहसा फिरकायचा नाही. २०२५ला गेला बिचारा."

"साधा होता म्हणायचा."

"साधा, पण बँकेतली एक लाल केसांची त्याच्याशी फार गोडगोड बोलायची!"

"अगंबाई! मग हिनं काय केलं?"

"गाणं केलं. 'जोलीन'. त्याचेही पैसे हिलाच."

"म्हणजे त्या बँकवालीच्या हाती काय लागलं?"

"ठणठणगोपाळ! नावसुद्धा तिचं नाही त्यात. ते सही मागायला आलेल्या एका चिमुरडीचं."