वर्नियरकाका

प्राधिकरणात राहणाऱ्याला वर्नियरकाका सांगावे लागत नाहीत. चाकणच्या टूलरूममधून निवृत्त, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी वर्नियर आणि गॅलरीत बोन्साय. निगडीपासून मोशीपर्यंत प्रत्येक सोसायटीत असा एक असतोच. आमच्या वाट्याला काटेरी आला.

म्हणजे झाड काटेरी. नैनीतालहून लोक शाली आणतात, यांनी दारुहळदीचं रोप आणलं. वडा-पिंपळाचं बोन्साय काय, कोणीही करतं! हिच्या पेरापेराला तीन-तीन काटे. "थ्री-जॉ चक आहे हो," म्हणत त्यांनी माझंच बोट त्यात घालून खात्री पटवली. फांदी छाटली की आतलं लाकूड पिवळंधमक. ते बघितल्याशिवाय कुरिअरवाल्याचीही सुटका नाही. शिवाय, गव्हावरचा तांबेरा रोखण्यासाठी अमेरिकेनं १९१८ साली हिच्या युरोपातल्या बहिणीला उपटायची मोहीम काढली होती, हे काका घराण्यात कोणी स्वातंत्र्यसैनिक असल्यासारखं सांगतात.

दर गुरुवारी खोड मोजायचं. एमआयडीसीच्या सुट्टीचा वार निवृत्तीनंतरही सुटलेला नाही. "अकरा पॉइंट चार दोन." पुढच्या गुरुवारी? "अकरा पॉइंट चार दोन." एकदा चव्वेचाळीस भरलं, तर पेढे वाटले. "आत्ताच पाणी घातलंय, साल फुगली असेल," काकू म्हणाल्या. काकांनी तिकडे दुर्लक्ष करून पेढ्यांना वर्नियर लावला. "दोन पेढ्यांत अडीच मिलिमीटरचा फरक! अख्खा लॉट रिजेक्ट!" लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी कोणी बसत नाही. जिलबी मोजून होईपर्यंत वाढपी पुढे सरकत नाहीत.

फांद्या वळवायला तांब्याची तार लागते. ती आधी लालबुंद तापवून मऊ करायची आणि ती भट्टी म्हणजे काकूंची शेगडी. भाकरी थांबते. हिमालयात दोन हजार मीटरवर सुखानं वाढणारी बाई निगडीच्या मे महिन्यात पानं गाळायला लागली, तेव्हा हॉलमधला कूलर गॅलरीत गेला. "झाडाला कूलर, मला पुठ्ठा," काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

कंपनीनं त्यांना निरोपाला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्याआधीच टूलरूममध्ये सीएमएम मशीन आलं होतं. काका दिवसभर जे मोजायचे ते मशीन चहा पिऊन होईपर्यंत मोजायचं, आणि त्याला चहाही लागत नसे. वर्नियर मात्र त्यांचा स्वतःचा, पहिल्या पगारातून घेतलेला. मी एकदा चिडून विचारलं, "मोजून झाड वाढतं का?"

"आयुष्यभर पार्ट केले," ते म्हणाले. "बिनमध्ये टाकले की गेले. कुठल्या गाडीत बसले, कधी कळलं नाही. हा जॉब निदान समोर आहे."

एवढं बोलताना हात कुंडीत होता. काटा पार आत गेला. चिमटा आणून तो मी काढून दिला. काकांनी रक्त पुसायच्या आधी काटा मोजला.

"सव्वीस पॉइंट शून्य आठ," म्हणाले. "लिहून घ्या."

मी लिहून घेतलं.