मागची चाकं वाढवू इच्छिणाऱ्यांसाठी सूचनावली

अमेरिकेतल्या एखाद्या गॅरेजात साठ वर्षांचा बागेचा ट्रॅक्टर उभा असला, की त्याच्या मालकाला कधी ना कधी एक इच्छा होतेच. इंजिन उघडून, घासून, परत बसवून झालेलं असतं. पत्र्याला रंग लागलेला असतो, सीट नवी आलेली असते. मग एका रविवारी तो चार पावलं मागं सरतो, मान तिरकी करून पाहतो आणि त्याला पटतं, की गडी मागून किरकोळ दिसतोय. मागची चाकं वाढवायला हवीत. पुढच्या सूचना अशा इच्छुकांसाठी आहेत. ही इच्छा औषधाने जात नसल्यामुळे ती शक्य तितक्या शास्त्रशुद्धपणे पुरी करणं एवढंच हातात उरतं.

आधी या यंत्राची ओळख. हे ट्रॅक्टर म्हणजे नुसती गवत कापायची गाडी नव्हे. इंडियानातल्या साउथ बेंडमध्ये एल्मर पाँड आणि त्यांचा मुलगा सेसिल यांनी 1946 साली सुरू केलेल्या धंद्यातून लाल रंगाचे व्हील हॉर्स आले. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने 1961 साली पिवळ्या-पांढऱ्या रंगाचा कब कॅडेट आणला. त्याचा मागचा ओतीव गिअरबॉक्स फार्मऑल कब या खऱ्या शेतीच्या ट्रॅक्टरच्या घराण्यातला. 1963 साली विस्कॉन्सिनच्या होरिकॉन कारखान्यातून जॉन डिअरचा 110 बाहेर पडला. इंजिन दोघांनाही कोहलर कंपनीचं, एका सिलिंडरचं, 7 अश्वशक्तीचं. एवढ्यावर हे ट्रॅक्टर नांगर ओढत, बर्फ ढकलत आणि उरलेल्या वेळात हिरवळ कापत. पुढे इंजिनं 10, 12, 14, 16 अश्वशक्तीपर्यंत गेली, मालकांच्या अपेक्षा त्याहून पुढे गेल्या.

पहिली सूचना: टायर का वाढवायचा, याचं कारण कागदावर लिहावं. मातीत चाक रुततं, नांगर ओढताना जागेवर फिरतं, उतारावर घसरतं, ही कारणं ग्राह्य आहेत. 'चांगलं दिसतं' हेही ग्राह्य आहे, पण ते प्रामाणिकपणे लिहावं लागेल. अनुभव असा, की कागदावर 'पकड' लिहिणाऱ्या दहातल्या आठ जणांची हिरवळ सपाट असते आणि नांगर भिंतीला टांगलेला असतो.

आता टायरवरचे आकडे. 23x8.50-12 असं लिहिलेलं असेल, तर 23 ही टायरची एकूण उंची, 8.50 ही रुंदी आणि 12 हा रिमचा व्यास, तिन्ही इंचात. त्या काळच्या बऱ्याच ट्रॅक्टरांना मागे हेच माप असे. सुरुवातीच्या कब कॅडेटला त्याहून अरुंद, 6-12 मापाचे टायर होते. वरच्या पायऱ्या दोन: 23x10.50-12 आणि 26x12.00-12. इच्छुकाचं मन पहिल्या पायरीवर क्षणभरही थांबत नाही. ते थेट 26 वर जातं, कारण तो दिसतोच तसा.

इथे गणित आड येतं. 23 इंची चाक एका फेऱ्यात साधारण सहा फूट जातं, 26 इंची पावणेसात फुटांहून थोडं जास्त. इंजिनाला याची काहीच कल्पना नसते. गव्हर्नर त्याला मिनिटाला 3600 फेऱ्यांच्या वर जाऊ देत नाही आणि गिअर तेच राहतात. म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये वेग 13 टक्क्यांनी वाढतो. ताशी 8 किलोमीटर धावणारा ट्रॅक्टर 9 ने धावू लागतो. मालक खूश होतो आणि बिल नंतर येतं: चाकाच्या कडेला मिळणारी ओढ साडेअकरा टक्क्यांनी घटते. नांगरासाठी टायर मोठा केला आणि नांगर ओढायची ताकद कमी झाली, असा हा व्यवहार आहे. जमीन भुसभुशीत असेल आणि आधी चाक नुसतंच फिरत असेल, तर रुंद टायरची वाढलेली पकड ही घट भरून काढते. जमीन टणक असेल, तर फक्त घट हाती लागते.

ब्रेकचंही तेच. मोठं चाक थांबवायला जुन्या ब्रेकला जास्त जोर लावावा लागतो, आणि साठ वर्षांचा ब्रेक तसाही स्वतःला निवृत्त समजत असतो.

टायर ठरला, की रिम. वधूवरांच्या पत्रिका पाहताना जेवढी चिकित्सा होते, त्याच्या निम्मी जरी इथे केली तरी पुष्कळ. 8.50 रुंदीच्या टायरला साधारण 7 इंच रुंद रिम लागते, 10.50 ला साडेआठ आणि 12.00 ला साडेआठ ते साडेदहा. रुंद टायर जुन्या अरुंद रिमवर चढतो, नाही असं नाही. पण तो मधे फुगतो, जमिनीला फक्त मधला पट्टा टेकतो, आणि ज्या रुंदीसाठी पैसे मोजले ती दोन्ही बाजूंना हवेत राहते.

मग बोल्ट. व्हील हॉर्स, कब कॅडेट आणि जॉन डिअरच्या या पिढीत मागच्या चाकाला बहुधा पाच बोल्ट असतात, साडेचार इंच व्यासाच्या वर्तुळावर. पण 'बहुधा' या शब्दावर रिम मागवू नये, टेप घ्यावी. पाच भोकांचं वर्तुळ मोजताना हमखास गोंधळ होतो, कारण एका भोकासमोर दुसरं भोक येत नाही. त्यासाठी शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मापावं. दोन इंच पाच सूत आणि वर केसभर आलं, तर वर्तुळ साडेचार इंचाचं आहे. मध्य नजरेने ठरवायचा नसेल, तर एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत धरावं, तेच माप येतं. हे वर्तुळ मिलिमीटरमध्ये 114.3 होतं, आणि पुणे-नाशिक रस्त्यावर धावणाऱ्या टोयोटा इनोव्हालाही पाच बोल्टांचं नेमकं हेच वर्तुळ आहे. ही माहिती ज्ञानवृद्धीसाठी दिली आहे, प्रयोगासाठी नव्हे.

स्वस्तातल्या, फक्त गवत कापणाऱ्या ट्रॅक्टरांना बोल्ट नसतातच. तिथे पाऊण इंची एक्सलवर चाक सरकवलेलं असतं, चावीने अडवलेलं आणि बाहेरून क्लिपने रोखलेलं. अशा यंत्रावर 26 इंची टायर चढवू इच्छिणाऱ्याने ही सूचनावली मिटून दुसरा छंद पाहावा. त्याचा गिअरबॉक्स त्याला लवकरच हाच सल्ला देईल, पण महाग पडेल. व्हील हॉर्सच्या बऱ्याच मॉडेलांत हबही एक्सलवर चावी आणि स्क्रूच्या भरवशावर असतो. तो स्क्रू ढिला असेल, तर मोठं चाक चावीची खाच कुरतडून काढतं. आधी तो कसावा, टायरचं नंतर बघू.

रिमची जी बाजू हबला टेकते, तिथपासून आतल्या कडेपर्यंतचं अंतर हे सगळ्यात दुर्लक्षित माप. रुंदी साडेतीन इंचांनी वाढली, तर ती आत किती आणि बाहेर किती गेली, हे या एका अंतरावर ठरतं. जास्त आत गेली, तर टायर मडगार्डच्या आतल्या पत्र्याला नाहीतर गवत कापायचा डेक उचलणाऱ्या दांड्याला घासतो. जास्त बाहेर गेली, तर एक्सलच्या बेअरिंगवर ताण येतो आणि ट्रॅक्टर फाटकात अडकतो. वर मडगार्डखालीही दीड इंच कमी होतो, कारण एक्सल आणि मडगार्ड दोन्ही वर चढले तरी टायरची त्रिज्या त्यांच्यामधली जागा खाते. चाक आणि पत्रा यांत सगळीकडून निदान एक इंच हवा. हिवाळ्यात बर्फासाठी साखळ्या बांधायच्या असतील, तर त्याहून जास्त. टायरच्या नावातलं माप आणि प्रत्यक्षातलं माप कंपनीगणिक थोडं इकडेतिकडे असतं. ही तपासणी कॅटलॉगमध्ये करू नये, टायर रिमवर चढवून हवा भरल्यावर करावी.

आणि मग ट्रॅक्टर नमस्कार घालतो. मागचा एक्सल दीड इंच वर गेला, पुढचा तिथेच राहिला, की सगळं यंत्र नाकावर झुकतं. बसणाऱ्याला ते दोन दिवसांत जाणवेनासं होतं, गवत कापणाऱ्या डेकला मात्र नाही. दोन्ही एक्सलांच्या मधोमध लटकलेला डेक मागच्या टायरमुळे पाऊण इंच तरी वर उचलला जातो, शिवाय पुढे कलतो. पात्याची पुढची कड मागच्यापेक्षा एक-दोन सूत खाली असणं योग्य असतं. आता ती त्याहून खाली जाते आणि हिरवळीवर जिना कोरल्यासारखे पट्टे उमटतात. उपाय म्हणून पुढचे 16x6.50-8 टायर काढून 18x8.50-8 घालावे, त्याने एक इंच परत मिळतो. मग डेकच्या दांड्या नव्याने जुळवाव्या. अशा रीतीने मागच्या दोन टायरांची खरेदी चार टायर, चार रिमा आणि एका शनिवारपर्यंत येऊन पोचते. कुटुंबाला सांगताना हा आकडा आधीच सांगितलेला बरा.

नक्षी कोणती, यावर भावना तीव्र असतात. शेतीच्या टायरला तिरक्या उंच पट्ट्या असतात. मातीत त्यांच्यासारखी पकड नाही, आणि दिसायला तर नाहीच. हिरवळीवर मात्र प्रत्येक वळणाला त्या गवत मुळासकट खरवडतात. हिरवळीच्या टायरला बुटकी, चपटी नक्षी असते. ती गवत जपते आणि चिखलात हात वर करते. दोन्ही साधणारा टायर असल्याचं दुकानदार सांगतात. पट्ट्यांच्या टायरला फिरायची दिशा असते आणि बाजूवर बाण असतो. ट्रॅक्टरच्या मागे उभं राहून पाहिलं, तर पट्ट्यांचं मधलं टोक वर दिसायला हवं. उलटे बसवलेले टायर शेजाऱ्याला लगेच कळतात, मालकाला वर्षभराने.

खरेदीच्या वेळी मराठी वाचकाला ओळखीचं एक नाव भेटेल. मुख्यालय मुंबईत आणि एक कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला, अशी बाळकृष्ण इंडस्ट्रीज ही कंपनी बीकेटी नावाने जगभर शेतीचे आणि हिरवळीवरचे टायर विकते. तिकडच्या मॉन्स्टर जॅम या तमाशात मोटारींचा चुराडा करणाऱ्या ट्रकांना हीच कंपनी 66 इंची टायर पुरवते. ते बागेच्या ट्रॅक्टरला बसत नाहीत. हे लिहावं लागतं, कारण इच्छुकाचा काही भरवसा नाही.

पकडच हवी असेल, तर टायर न बदलता वजन वाढवण्याचा मार्ग आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे: मागच्या चाकांत पाणी भरणं. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून त्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे साधारण पाऊण टायर भरायचा. अमेरिकेच्या उत्तरेत साधं पाणी हिवाळ्यात गोठतं. म्हणून तिथे पूर्वी कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण भरत. ते गोठत नाही, पण गळालं की रिम खाऊन टाकतं. जुन्या रिमांच्या व्हॉल्व्हभोवतीची भोकं बहुतेक याचीच करणी. आता बीटपासून साखर काढल्यावर उरणारा रस भरतात. तो लिटरला जवळपास 1.3 किलो भरतो, कडाक्याच्या थंडीतही वाहता राहतो आणि लोखंडाला इजा करत नाही. चाकाला बाहेरून बोल्टने लावायची ओतीव वजनंही मिळतात. हे सगळं टायर-रिमच्या जोडीपेक्षा बरंच स्वस्त पडतं आणि गिअरचं गणित जागच्या जागी राहतं. पण त्याने ट्रॅक्टर मागून भरलेला दिसत नाही, ही अडचण मान्य केली पाहिजे.

टायर चढवण्याचं काम टायरवाल्याकडे द्यावं. घरीच करायचं असेल, तर रिमची कड तारेच्या ब्रशने घासून, साबणाचं पाणी लावून, टायरभोवती पट्टा आवळून हवा भरावी आणि टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेच्या पुढे जाऊ नये. इथरचा फवारा मारून काडी लावली, की टायर आवाज करत जागेवर बसतो, असा एक लोकप्रिय प्रयोग आहे. तो करू नये, इथे विनोद संपतो. जुनी रिम खरबरीत असेल, तर आत ट्यूब घालावी. शेवटी 8 ते 10 पौंड हवा पुरे. मोटारीसारखी 30 पौंड भरली, तर टायर दगड होतो आणि पकड जाते.

निकाल द्यायचाच, तर तो 23x10.50-12 च्या बाजूने द्यावा लागेल. उंची जवळपास तीच, त्यामुळे वेग, ओढ, ब्रेक आणि डेक यांपैकी कशालाही धक्का नाही. रुंदी दोन इंच जास्त, म्हणून मऊ जमिनीत फायदा. साडेआठ इंची रिम घेतली आणि मडगार्डच्या आतली जागा मोजली, की काम झालं. ज्याला हे पटूनही 26 इंचीच हवा असेल, त्याने तो घ्यावा, पण जुनी चाकं विकू नयेत. ट्रॅक्टर विकायला काढला, की घेणारा पहिल्यांदा मूळ चाकं आहेत का तेच विचारतो.